बोटीची बॅटरी दर सीझनला बसते? नवीन घ्यायच्या आधी तिची जागा बदलून बघा

सकाळचे साडेसहा वाजलेत, पाहुणे लाइफ जॅकेट घालून होडीत बसलेत, आणि बटण दाबलं की इंजिनातून नुसता टक् असा आवाज. परत दाबलं, टक् टक् टक्. मग मी टर्मिनल हलवून बघणार, जरा पिरगाळून घट्ट करणार, परत बटण, कधी सुरू होणार कधी नाही, आणि पाहुण्यांपैकी एकजण हमखास विचारणार की धक्का मारायचा का. होडीला धक्का मारून कुठे नेणार बाबा.

हे आमच्याकडे दोन सीझन चाललं. दोन बॅटऱ्या भंगारात गेल्या, प्रत्येक वेळी बॅटरीवाल्याने सांगितलं माल चांगला आहे तुमचं चार्जिंग बघा, इंजिनवाल्याने सांगितलं चार्जिंग ओके आहे बॅटरी बघा, आणि मी मधल्यामध्ये पैसे देत बसलो. शेवटी कळलं की दोघंही खरं बोलत होते, बॅटरी ठेवलेली जागाच चुकीची होती, आणि मी ती चुकीच्या एका जागेवरून उचलून चुकीच्या दुसऱ्या जागेवर ठेवली होती. तिसरी बॅटरी आता तिसऱ्या वर्षात आहे म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

होडी काय आहे ते आधी सांगतो कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. १९ फुटी फायबरची उघडी होडी, केबिन नाही, स्टिअरिंग नाही, मागे ४० एचपीचं टू स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन, बटणावर स्टार्ट होणारं आणि हँडल धरून चालवायचं. मालवणजवळ कार्ली खाडीत देवबागच्या बाजूला असते, पाहुणे फिरवायचे, खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत जायचं, कधी मुखाबाहेर थोडं डॉल्फिन बघायला, आणि बाकी वेळी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला. बॅटरी १२ व्होल्टची, ६५ एएच, पाणी घालायची साधी, आमच्या काट्यावर १७ किलो भरली.

आता तुमची भानगड जागेचीच आहे की खरंच बॅटरी मेलीय हे आधी ठरवा, उगाच होडीला भोकं पाडू नका. साधा डिजिटल मीटर पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो, तो घ्याच. रात्रभर काही न चालवता ठेवलेली बॅटरी सकाळी मोजायची. १२.६ किंवा वर दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. आणि चार्ज करूनसुद्धा साडेदहालाच अडकत असेल तर सहातला एक सेल गेला, कारण एक सेल दोन व्होल्टच्या जरा वर असतो, तेवढाच कमी दिसतो. अशी बॅटरी कुठेही ठेवा, ती गेली. पण नवी बॅटरी पाच-सहा महिन्यांत साडेदहाला आली तर तिला आपटून मारलंय का हा प्रश्न विचारा, त्याच्यावर पुढे येतो.

दुसरी टेस्ट जास्त महत्त्वाची. दोन माणसं पाहिजेत, एकाने बटण दाबायचं दुसऱ्याने मीटर धरायचा. गिअर न्यूट्रलला, किल स्विचची दोरी काढून ठेवा म्हणजे इंजिन पेटणार नाही, बहुतेक इंजिनांवर तरीही स्टार्टर फिरतो. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नको, आणि काळं टोक स्टार्टरला जाड वायर जिथे बोल्टने लागते तिथे. बटण दाबा, चार-पाच सेकंद बस झाले, दहाच्या वर नको. मीटरवर जो आकडा येतो तेवढे व्होल्ट वाटेतच मेले. मग तसंच मायनसचं करा, मायनसची खुंटी ते इंजिनाची बॉडी. एका बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर वायर बारीक आहे, लांब आहे किंवा कुठलातरी जॉइंट सडलाय. माझ्याकडे दोन्ही बाजू मिळून दीड व्होल्ट जात होते. बॅटरीच्या खुंटीवर स्टार्ट करताना १०.६ आणि इंजिनापाशी ९.१, तो बिचारा स्टार्टर फिरणार कसा.

आता जागा. पहिली जागा होती अगदी मागे उजव्या कोपऱ्यात, ट्रान्समला, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीला, चिकटून. का तर होडी घेतली तेव्हा तिथेच ठेवलेली होती आणि इंजिनाच्या बरोबर आलेली वायर तिथपर्यंतच पोचत होती. बहुतेकांची बॅटरी ह्याच कारणाने तिथे असते, कोणी विचार करून ठेवत नाही. वायर आखूड राहते हा एक फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण मागे बघा काय काय आहे, इंजिन तिथे, २५ लिटरची पेट्रोलची टाकी तिथे, आणि हँडल धरून मी ७० किलोचा तिथेच. डाव्या हाताने हँडल धरायचं म्हणून माणूस उजव्या बाजूला बसतो, आणि बॅटरीपण उजवीकडे, म्हणजे होडी कायम उजवीकडे कलंडलेली. आमचे तात्या, वडिलांचे चुलतभाऊ, आयुष्य होडीत गेलेले, एकदा नुसते जेट्टीवरून बघून म्हणाले, "मागे आधीच सगळा वजन, आणि वर बॅटरी कित्याक घातलंस थंय?" मी हसण्यावारी नेलं. होडी थ्रॉटल दिला की नाक वर करून बराच वेळ पाणी नांगरत राहायची, पाण्यावर उठायलाच वेळ घ्यायची, मला वाटायचं पंखा बदलायला पाहिजे.

पण बॅटरी मेली ती वजनाने नाही, पाण्याने. उघड्या होडीत पाऊस, फवारा, पाहुण्यांच्या पायाचं पाणी सगळं उतरून मागेच जमतं, बॅटरी त्यात वीतभर नाही पण दोन-तीन बोटं तरी उभी असायची. आणि आमच्याकडे अजून एक गोष्ट आहे जी बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही, ओहोटीला होडी गाळात बसते आणि एका कुशीवर कलते, रोज, सहा-सहा तास. उजवीकडे जड असल्यामुळे ती कायम उजव्या कुशीवरच जायची. पाणी घालायची बॅटरी अशी कलती राहिली की बुचांच्या भोकांतून थोडं थोडं ॲसिड झिरपतं. दिसत नाही, पण पट्ट्याचं बकल खाऊन टाकलं, खाली लाकडी फळी होती ती काळी पडून भुसभुशीत झाली, आणि टर्मिनलवर ती हिरवी-पांढरी बुरशी दर पंधरा दिवसांनी. मी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचो, परत घट्ट करायचो, परत पंधरा दिवसांनी तेच. सात महिन्यांत बॅटरी गेली.

त्याहून घाबरायची गोष्ट म्हणजे पेट्रोलची टाकी तिच्या शेजारी होती, हातभर सुद्धा अंतर नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हलका, वर जातो, आणि हवेत चार टक्के झाला तरी पेटू शकतो. पेट्रोलची वाफ उलटी, जड, खाली तळाला जाऊन बसते. मध्ये एक सैल टर्मिनल, जे स्टार्ट करताना ठिणगी टाकतं. उघडी होडी होती म्हणून वारा सगळं उडवून न्यायचा, हेच जर झाकण असलेल्या कप्प्यात असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या, आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांच्या बोटींसाठीच्या नियमात सरळ लिहिलंय की बॅटरी इंधनाच्या टाकीच्या, फिल्टरच्या किंवा इंधनाच्या पाइपच्या जोडाच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली नको. आपल्याकडे कोण तपासायला येत नाही म्हणून पेट्रोलची वाफ वेगळी वागत नाही.

मग मी शहाणपणा केला, मागे जड होतंय ना, मग पुढे. दुसरी बॅटरी नेऊन ठेवली नाळीत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, नांगर ठेवायच्या कप्प्यात. होडी मस्त सपाट बसली, उठायलासुद्धा पटकन लागली, चार दिवस मी सगळ्यांना दाखवत फिरलो. इंजिनापासून साडेचार मीटर लांब, तर होती त्याच वायरीला त्याच जाडीचा तुकडा नट-बोल्टने जोडला आणि वर काळी टेप गुंडाळली. हे जे वाक्य आहे ना त्यात तीन चुका आहेत.

वायरीचा हिशोब करून दाखवतो, कारण हे कोणी सांगत नाही, सगळे नुसते म्हणतात जाड टाक. १६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स एका किलोमीटरला साधारण १.२ ओहम. साडेचार मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ९ मीटर, हे जाऊन-येऊन विसरू नका, सगळे विसरतात. माझ्या साइजचा स्टार्टर साधारण १२० अँपिअर ओढतो असं धरलं तर १.३ व्होल्ट नुसत्या वायरीत गेले, जॉइंट वेगळा. तीच वायर मागच्या कोपऱ्यात दीड मीटरची होती तेव्हा ०.४ च्या आसपास जात होते. आता ३५ स्क्वेअर एमएमची घेतली तर रेझिस्टन्स किलोमीटरला ०.५५, आणि अडीच मीटर अंतर ठेवलं, म्हणजे पाच मीटर वायर, तर जातात फक्त ०.३३. म्हणजे मध्यावर ठेवून जाड वायर टाकली तर मागच्या कोपऱ्यातल्या बारीक वायरीपेक्षाही कमी नुकसान. हा हिशोब मी दुसरी बॅटरी मेल्यावर केला, आधी केला असता तर पैसे वाचले असते.

पण नाळीतली बॅटरी वायरीने नाही मेली, आपटून मेली. लाटेवरून होडी जाते तेव्हा ती मागच्या भागावर तोलून पुढून उडते, नाळ सगळ्यात जास्त वर जाते आणि सगळ्यात जोरात खाली येते. मुखावर वारा सुटला की प्रत्येक लाटेला नाळ धप्पकन, पुढे बसलेला पाहुणा सांगेल तुम्हाला पाठीचं काय होतं. बॅटरीच्या आत शिशाच्या प्लेटा असतात, त्यावर लावलेला लगदा असतो, तो असे धक्के खाऊन सुटून खाली पडतो आणि तळाला साचून दोन प्लेटा जोडतो, संपला तो सेल. पाचव्या महिन्यात माझ्या मीटरवर बरोबर १०.५. गाडीत तीच बॅटरी चार वर्षं जाते कारण रस्ता कितीही खराब असला तरी गाडी दोन फुटांवरून पडत नाही.

वर नांगराची साखळी. कप्पा एकच, साखळी लोखंडी, टर्मिनल उघडी. एकदा साखळी प्लस-मायनसवर आडवी पडली असती तर वेल्डिंगच झालं असतं, आमच्या नशिबाने नायलॉनची दोरीच वर राहायची. आणि परत येताना लाट मागून असली की नाळ जड असणं अजिबात चांगलं नाही, समोरच्या लाटेच्या पोटात नाक घुसतं, मागची लाट होडीला आडवी करायला बघते. संगमावर भरती-ओहोटी बदलताना ज्याने होडी आत घेतलीय त्याला हे सांगायला नको. १७ किलोने एवढं होत नाही म्हणाल, पण तिथे नांगर आहे, साखळी आहे, दोन पाहुणे आहेत, आणि प्रत्येक गोष्ट एवढीशीच असते.

तर तिसरी जागा, मध्य. लगेच भोकं नाही पाडली ह्या वेळी, आधी टेस्ट केली, आणि ही युक्ती फुकटची आहे म्हणून नक्की करा. २० लिटरचा पाण्याचा कॅन घ्या, त्यात तुमच्या बॅटरीचं वजन जेवढे किलो तेवढे लिटर पाणी घाला, गोडं पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. खरी बॅटरी तात्पुरती जिथे आहे तिथून काढून बाहेर ठेवा, दोरीने ओढून इंजिन स्टार्ट करा (इंजिनाच्या पुस्तकात बॅटरीशिवाय चालवलेलं चालतं असं असेल तरच, नाही तर चार्जिंगचा भाग उडू शकतो, त्याच्यावर पुढे येतो), आणि तो कॅन मनात असलेल्या जागी बांधून एक फेरी मारा. मग कॅन सरकवा, परत फेरी. एकट्याने करा, मग चार जण भरून करा, कारण रिकामी होडी आणि भरलेली होडी ही दोन वेगळी जनावरं आहेत. मी पाच जागा बघितल्या एका दुपारी. तात्या सोबत होते, ते पाण्याकडे बघून सांगायचे, मी मोबाइलवर स्पीड बघायचो, आणि दोघांचं एकच आलं, दुसऱ्या बाकाखाली, बरोबर मधोमध, ट्रान्समपासून दोन-सव्वादोन मीटर पुढे.

१७ किलो दोन मीटर पुढे नेणं म्हणजे ७० किलोचा माणूस जवळपास अर्धा मीटर पुढे सरकल्यासारखं आहे, छोट्या होडीत माणूस जागेवरून अर्धा मीटर सरकला की काय होतं हे बसलेल्या प्रत्येकाला कळतं. आणि मधोमध ठेवली की तिच्या वजनाने होडी गाळात कायम एकाच कुशीकडे ओढली जात नाही, कलली तर मात्र बॅटरीही तेवढीच कलते. तुमच्याकडे जागाच नसेल आणि एका बाजूलाच ठेवायची असेल तर चालवणारा ज्या बाजूला बसतो त्याच्या उलट बाजूला ठेवा, निदान तेवढं तरी.

बसवायचं कसं. तळाच्या फायबरमध्ये सरळ स्क्रू मारू नका, हे दहा वेळा लिहायला तयार आहे. एक तर स्क्रू आरपार गेला तर गंमत, आणि आरपार नाही गेला तरी आतल्या प्लायमध्ये पाणी शिरून दोन वर्षांत ती जागा स्पंजसारखी होते. फायबरवाल्याकडून १८ एमएम मरीन प्लायचा तुकडा सगळ्या बाजूंनी रेझिन आणि मॅटने झाकून घेतला, खाली दोन पट्ट्या देऊन दोन इंच उचलला म्हणजे तळाचं पाणी खालून वाहून जातं, आणि तो तुकडा तळाला मॅटनेच चिकटवला. स्क्रू काय ते त्या तुकड्यात. त्यावर बॅटरीचा प्लास्टिकचा ट्रे, वर बॉक्स, आणि बॉक्सवरून दोन इंची पट्टा. इलॅस्टिकवाली दोरी नको, सायकलच्या कॅरिअरची ती हूकवाली तर अजिबात नको.

पट्टा पुरेसा घट्ट आहे का हे कसं बघायचं? मी वर सांगितलं त्याच अमेरिकन नियमात आहे की बॅटरीच्या वजनाच्या दुप्पट किंवा ९० पाउंड म्हणजे साधारण ४० किलो, यातलं जे कमी असेल तेवढ्या जोराने ओढलं तरी बॅटरी एका इंचाच्या वर हलली नाही पाहिजे. माझ्या हिशोबाने ३४ किलो. मासे तोलायचा लटकता काटा घरात असतोच, पट्ट्याला नाही, बॉक्सला दोरी बांधून काटा अडकवला आणि ओढला, पुढे, मागे, बाजूला, वर. पहिल्या वेळी पट्टाच सरकला दोन इंच, बकल बदललं, मग अर्धा इंचसुद्धा नाही.

बॉक्स हवाबंद नको. वरच्या बाजूला भोकं पाहिजेत म्हणजे हायड्रोजन बाहेर जाईल, आणि बाकाच्या दोन्ही बाजू उघड्या आहेत त्यामुळे वारा खेळतो. बॉक्स काळा येतो, मी पांढरा रंग मारला, एप्रिल-मेच्या उन्हात फरक पडतो, बॅटरीचं गणित असं आहे की दहा डिग्री तापमान वाढलं की आयुष्य अंदाजे अर्ध्यावर येतं. बाकाखाली सावली मिळते हा मध्यावरच्या जागेचा फुकटचा फायदा, मी त्याचा विचारसुद्धा केला नव्हता.

टर्मिनलबद्दल. इंजिनाच्या वायरीबरोबर बऱ्याचदा हाताने फिरवायचे विंग नट येतात, ते काढून टाका आणि सहा बाजूंचे नट स्प्रिंग वॉशर घालून पान्याने आवळा. विंग नट इंजिनाच्या थरथरीने सैल होतात, आणि चालू इंजिनात वायर सुटली तर नुसतं बंद पडत नाही, चार्जिंगचा रेक्टिफायर, म्हणजे इंजिनाची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग, उडू शकतो. ह्याच कारणाने बॅटरी तोडायचा कटऑफ स्विच बसवला असेल तर इंजिन चालू असताना तो बंद करायचा नाही, पोरांना हे बजावून ठेवा. जंप स्टार्टचे चिमटे कायमचे लावून होडी चालवणारे मी पाहिलेत, ते बंद करा. व्हॅसलिन लावायचं ते नट आवळल्यावर वरून, आधी नाही. प्लसवर रबरी टोपी घाला.

बिल्ज पंपाची, म्हणजे तळाचं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची, वायर कटऑफच्या आधी थेट बॅटरीवर ठेवली, म्हणजे होडी जेट्टीला बांधून सगळं बंद करून आपण घरी गेलो तरी पाऊस पडल्यावर पंप चालेल, पण तिला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज आहे. फिश फाइंडर, लाइट, मोबाइल चार्जर ह्या सगळ्यांची एक वेगळी फ्यूजवाली लाइन. मोबाइल चार्जरने स्टार्टिंगची बॅटरी रिकामी केली असा प्रकार आमच्याकडे झालाय, पाहुण्यांचे चार फोन.

बॅटरी कुठली घेऊ असं लगेच विचारतील म्हणून थोडक्यात. घरातली जुनी इन्व्हर्टरची ट्युब्युलर होडीत ढकलू नका, ती हळूहळू वीज देण्यासाठी बनवलेली असते, स्टार्टरच्या एका झटक्यासाठी नाही, आणि वजन बघा उचलून, मध्यावर ठेवा नाही तर कुठेही. सांडत नाही म्हणून सीलबंद एजीएम घ्यायचा मोह होतो, आणि रोज गाळात कलणाऱ्या होडीला ती सोयीची आहेच, पण जुन्या टू स्ट्रोकचं चार्जिंग बऱ्याचदा रेग्युलेटरशिवाय असतं, लांब फेरीत व्होल्टेज चढत जातं, साध्या बॅटरीत निदान डिस्टिल्ड वॉटर टाकता येतं, सीलबंद फुगते. इंजिन चालू असताना जरा थ्रॉटल देऊन बॅटरीवर मोजा, १४.७ च्या वर जात असेल तर एजीएम नको. लिथियम हलकी आहे, मग वजनाचा प्रश्नच मिटतो, पण तिचं सर्किट मध्येच चार्जिंग तोडू शकतं आणि मग परत तेच रेक्टिफायरचं दुखणं, इंजिनाच्या पुस्तकात चालते असं लिहिलं असेल तरच. आणि साध्या बॅटरीत कधी समुद्राचं पाणी गेलं तर जवळ नाक नेऊ नका, खारं पाणी आणि बॅटरी मिळून क्लोरीन वायू होतो.

ही जागा सगळ्यांना नाही चालणार. बारा-चौदा फुटी छोट्या होडीत मधल्या बाकाखाली पाय ठेवायलाच जागा नसते, तिथे मागेच ठेवा पण उंच करा आणि टाकी पुढे न्या, टाकी हलवणं सोपं आहे, नळी लांब मिळते. स्टिअरिंग कन्सोलवाल्या बोटीत कन्सोलच्या आत किंवा सीटखाली ठेवतात ते बरोबरच आहे, फक्त तिथेच खाली टाकी नाही ना ते बघा. उलांडीवाल्या, म्हणजे बाजूला तोलासाठी लाकूड बांधलेल्या, होडीला आडवं कलण्याची भीती कमी, पण ती अरुंद असते, बॅटरी पायाखाली येते, तिथे बॉक्सचं झाकण मजबूत पाहिजे कारण कोणीतरी त्यावर उभं राहणारच.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी आणि पाहुण्यांचंही बंद असतं तेव्हा, बॅटरी घरी आणा. काढता यायला सोपी पाहिजे हासुद्धा जागा निवडायचा मुद्दा आहे, नाळीतल्या कप्प्यातून मी ती पोटावर झोपून काढायचो. घरी महिन्याला एकदा मोजा, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा, रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि सप्टेंबरला परत टक्.

आणि आता शेवटचं, नाही तर म्हणाल की ह्याने जागा बदलली आणि सगळं सुरळीत झालं. जागा बदलून दीड वर्षाने एका सकाळी परत टक्. बॅटरी १२.७, टर्मिनल चकाचक, पट्टा घट्ट. मीटर लावला तर मायनसच्या बाजूला ०.९ व्होल्ट. वायर मी वेल्डिंगची घेतली होती, ३५ स्क्वेअर एमएम, नरम, वळते छान, स्वस्त. पण तिचं तांबं उघडं असतं, कलई नसते, आणि इंजिनाकडच्या लगवर, म्हणजे बोल्टला लागणाऱ्या वायरीच्या टोकावर, नुसती टेप होती, हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, नव्हती. टेप काढली तर तारा वरून ठीक, टोचून बघितलं तर आतून हिरवा चुरा, आणि रबर सोलत गेलो तर चार बोटं आतपर्यंत काळं. तेवढी कापून टाकली, नवा लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतला, आत गोंद असलेलं हीट श्रिंक घातलं. वायर घेताना एक हात जास्तीची सोडली होती म्हणून कापायला पुरली. तुम्ही घेताना कलई केलेलीच घ्या, महाग आहे, आणि तरीही हातभर जास्त सोडा.